भिंत पांढरीच होती

प्रिय बटण,

तुझ्या वाढदिवसाला तीन आठवडे राहिले. दरवर्षीप्रमाणे तू आदल्या दिवशी फोन करशील, "ताई, स्टूल पुसून ठेव, साहेब येताहेत" म्हणशील, आणि मी हसेन. एकदा हसले की मला पुढचं बोलता येत नाही. तुला हे लहानपणापासून माहीत आहे आणि तू त्याचा फायदा घेतोस. म्हणून लिहिते आहे. कागदावर तुला मध्येच बोलता येणार नाही.

सरळ सांगते. चार महिन्यांपूर्वी तुमच्या विमा कंपनीत सगळ्यांची रक्ततपासणी झाली. त्यानंतर डॉक्टरांनी तुला यकृताची पुढची तपासणी करून घ्यायला सांगितलं. पंधरा दिवसांत, असं त्यांनी लिहून दिलं होतं. तू गेलेला नाहीस. तू जावंस, एवढंच मला हवं आहे. मागच्या रविवारी मी तुझ्याकडे आले ती हेच सांगायला. दार उघडल्या उघडल्या तू म्हणालास, "या, पाहणीला आलात की जेवायला?" मी म्हणाले, जेवायला. मग जेवले. दुपारचे बारा वाजले होते. तू दोन ग्लास भरलेस, एक माझ्यापुढे सरकवलास. माझा अर्धा होईपर्यंत तू तिसऱ्यावर होतास. आपण स्टुडिओच्या गळक्या छताबद्दल बोललो. तुझ्या लेकीच्या वसतिगृहाबद्दल बोललो. शेजारच्या शिंप्याने दुकान बंद केलं, मशीन विकताना तो मशीनला हात लावून किती वेळ उभा होता, ते मी तुला सांगितलं. तू म्हणालास, "तूही आता आवर गं ताई, पासपोर्टचे फोटो लोक भिंतीसमोर उभं राहून मोबाइलवर काढतात." मी बसने परत आले. स्टॉपवर उतरल्यावर लक्षात आलं, की ज्यासाठी गेले होते ते बोललेच नाही.

त्या तपासणीचा किस्सा तू मला फोनवर सांगितला होतास. रक्तातल्या काही खुणा पाहून शरीर किती झिजलं आहे त्याचा अंदाज काढतात, आणि तुझं शरीर एकोणसाठ वर्षांचं निघालं. तू अठ्ठेचाळीसचा. ऑफिसात तू जाहीर केलंस, की रिटायरमेंटला एकच वर्ष उरलं, निरोप समारंभाची तयारी करा. त्या डॉक्टर मुलीलाही तू सोडलं नाहीस. "तुम्ही गाडीचं मॉडेल बघता की मीटर?" असं तिला विचारलंस. ती म्हणाली, "मीटरच बघितलं आहे." हे सांगताना तू इतका हसलास की तुला खोकला आला. खोकला बराच वेळ थांबला नाही. मी फोन कानाला धरून वाट पाहत राहिले.

नंतरचं मला तू सांगितलं नाहीस, वहिनीने सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन तू वाढदिवसाच्या फोटोंचा अल्बम काढलास आणि तिच्यापुढे, लेकीपुढे उघडून ठेवलास. "बघा. गेल्या दहा वर्षांत काय बदललंय दाखवा. रक्ताचं काय घेऊन बसलात, ताईचा कॅमेरा खोटं बोलत नाही." लेक म्हणे पानं उलटत बसली. तिला काही दाखवता आलं नाही. मग तो रिपोर्ट तू गाडीच्या कागदांबरोबर कपाटात टाकलास.

तेव्हापासून मला तो अल्बम दिसतो आहे.

या फोटोंची पद्धत बाबांची. आपल्या दोघांपैकी ज्याचा वाढदिवस असेल त्याने त्या दिवशी सकाळी स्टुडिओत जायचं, तेच लाकडी स्टूल, तीच लेन्स, जमिनीवर रंगाने केलेल्या दोन खुणा, एक स्टुलाची आणि एक ट्रायपॉडची. हसायचं नाही. हनुवटी सरळ. बाबा म्हणायचे, हसरा माणूस कोणत्याही वयाचा असतो, मला तुमचं वय हवं आहे. तू बसायला तयार नसायचास. तुला फक्त शटरचं बटण दाबायचं असायचं. सहा वर्षांचा असताना तू बाबांचाच फोटो काढलास, त्यात त्यांचा एक कान आणि पडदा आला, आणि त्या दिवसापासून ते तुला बटण म्हणायला लागले. आई म्हणायची, चांगलं नाव ठेवलंय पोराचं, ते हाक मारायला वापरा. कोणी वापरलं नाही.

डार्करूमचं दार वाजवल्याशिवाय उघडायचं नाही, हा दुसरा नियम. फिल्म खराब होते म्हणून. तिथे मापाचं भांडं होतं, आणि रसायनांच्या बाटल्यांच्या मागच्या ओळीत एक बाटली होती, तिच्यावर बाबांच्या अक्षरात 'विष' लिहिलं होतं. दहा वर्षांचा असताना तू न वाजवता दार उघडलंस आणि बाबांना त्या बाटलीतून पिताना पाहिलंस. रडत, ओरडत घरभर धावलास. आईने तुला पोटाशी धरलं आणि सांगितलं, घशाचं औषध आहे, लहान मुलांनी हात लावू नये म्हणून तसं लिहिलंय. हा किस्सा तू आजही पाहुण्यांना सांगतोस. छान रंगवतोस. शेवटी सगळे हसतात, मीही हसते. पण त्या दिवशी तू दोन वेळा जेवला नव्हतास, ते तू सांगत नाहीस. कदाचित विसरला असशील.

बाबा गेले तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. तुझ्या दिवाणखान्यात त्यांचा जो फोटो आहे, तो मी केलेला आहे. काढला त्यांच्या शेवटच्या वाढदिवशी. तेव्हा त्यांचे हात इतके थरथरायचे की फोकस मी करायची, ते फक्त मागे उभं राहून "हं" म्हणायचे. ते गेल्यावर आई ती निगेटिव्ह घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "यांचा चेहरा जरा स्वस्थ कर." मी बावीस वर्षांची होते आणि रिटचिंगमध्ये माझा हात बाबांपेक्षा चांगला होता. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड, आणि टोक केलेल्या पेन्सिलीने सुरकुतीच्या जागी बारीक बारीक ठिपके द्यायचे. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते तिथे फोटोत उजळतं. डोळ्यांखाली दिले. गालफडांवर दिले. नाकावरच्या शिरा बुजवल्या. गळ्याशी सुजेने आलेली कड ब्लेडने खरवडून काढली. दोन दिवस लागले. आई फोटो पाहून म्हणाली, "हे आपले." पाहुण्यांना तो फोटो दाखवून तू नेहमी म्हणतोस, आपल्या घराण्याची तब्येत बघा, बाबा शेवटपर्यंत घेत होते आणि चेहऱ्यावर काही नाही. मी तिथे बसलेली असते. एकदाही बोलले नाही. तू बारावीत होतास, तुला शेवटचे दोन महिने मावशीकडे ठेवलं होतं. तुझ्याकडे बाबांचा तोच चेहरा आहे. तो काढून घ्यायचा मला धीर झाला नाही.

आता तुझे फोटो. छत्तिसाव्या वाढदिवशी तुझ्या नाकाच्या शेंड्यावर एक लाल शीर होती. केसाएवढी. मी ती काढली. त्यात विशेष काही नव्हतं, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची मी काढते, कोणी सांगावं लागत नाही. हात आपोआप तिकडे जातो. पुढच्या वर्षी डोळ्यांखाली सूज होती. काम करताना मी आदल्या वर्षीचा फोटो शेजारी उघडून ठेवला आणि नवा त्याच्या जवळ आणला. तिसऱ्या वर्षी दुसऱ्याच्या जवळ. आमच्या धंद्यात ही चांगली सवय समजतात. माणूस एका फोटोतून दुसऱ्या फोटोत ओळखू यावा. माझ्या हे ध्यानातच आलं नाही, की ज्याच्या जवळ आणते आहे तो फोटो आधीच माझ्या हातचा आहे. बाबांना वय हवं होतं. मी दरवर्षी ते पुसून मागच्याला जुळवत गेले. तू छत्तिसाव्या वर्षी थांबलास, बटण. तुझ्या रक्ताने थांबवलं नाही, मी थांबवलं.

ध्यानात आलं नाही असं मी वर लिहिलं. पहिली तीन-चार वर्षं ते खरं होतं. पुढे तुझा फोटो करायला वेळ जास्त लागायला लागला. आधी पंधरा मिनिटं, मग तास, मग पूर्ण दुपार. दुकानाचं दार ओढून घेऊन करायची. इतर कोणाच्या फोटोसाठी मी कधी दार ओढलेलं नाही.

आणि मागच्या वर्षीचा. त्या दिवशी तू नवा शर्ट घालून आलास, निळा. स्टुलावर बसताना हाताचा आधार घेतलास आणि म्हणालास, "स्टूल खाली गेलंय का गं?" फोटो काढले. तू गेल्यावर पडद्यावर उघडले तर डोळ्यांचं पांढरं पिवळट दिसत होतं. मला वाटलं, दिव्याचा दोष. जुना बल्ब पिवळा पडतो. मी सगळ्या फोटोचा रंग निळ्याकडे सरकवला, डोळे पांढरे झाले. मग शर्ट विचित्र दिसायला लागला, चेहरा मेल्यासारखा. पुन्हा मागे आणला. तेव्हा मी तुझ्या मागची भिंत पाहिली. भिंत पांढरीच होती. पहिल्यापासून पांढरी होती. शर्टाचा निळा बरोबर होता. कॉलर बरोबर होती. त्या फोटोत फक्त तुझे डोळे पिवळे होते.

तीस वर्षं मी रंग बघण्याचं काम करते. फोटोत दिव्याचा दोष कोणता आणि माणसाचा कोणता, हे मला एका नजरेत कळतं. त्या दिवशीही कळलं. मी उठले, बल्ब काढला, नवा लावला. नव्या बल्बखाली हाताचा फोटो काढून पाहिला, जणू मला काही तपासायचं आहे. मग परत बसले आणि दोन डोळ्यांपुरता रंग काढून टाकला. चार मिनिटं लागली असतील. संध्याकाळी तू फोटो न्यायला आलास, दरवर्षीसारखी बाटली घेऊन. फोटो बघून म्हणालास, "अजून लग्नाला उभा राहीन की नाही?" मी म्हणाले, "वहिनीला विचार." ग्लास मीच धुऊन आणले, आणि तुझा मीच भरला.

या गोष्टीला अकरा महिने झाले. त्या दिवशी संध्याकाळी मला तुला म्हणता आलं असतं, डोळे दाखवून ये. तीन शब्दांचं काम होतं. का म्हटलं नाही याचं उत्तर मी स्वतःशी पुष्कळदा मांडून पाहिलं आहे. तू चिडशील, वाढदिवस खराब होईल, तू येणं बंद करशील. यातलं शेवटचं खरं आहे. वर्षातला तो एक दिवस तू माझ्याकडे येतोस, तेव्हा त्या खोलीत आपण दोघंच असतो आणि मी कोणाचीतरी ताई असते. तो दिवस मला हवा होता. तुझ्या डोळ्यांपेक्षा मला तो जास्त हवा होता, असा याचा अर्थ होतो. तो अर्थ मी नाकारणार नाही.

रिपोर्टवर डॉक्टरांचा नंबर होता, तो वहिनीकडून घेऊन मी सोमवारी फोन केला. तिने तुझ्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. "त्यांचं मी त्यांनाच सांगेन" म्हणाली. मला ती आवडली. मग मी सगळ्यांबद्दल म्हणून विचारलं. ती म्हणाली, पन्नाशीच्या आसपास रोज पिणाऱ्यांचं शरीर वयाच्या पुढे पळतं, कोणाचं थोडं, कोणाचं खूप. आकडा हा अंदाज आहे, भविष्य नाही. थांबलं तर मागे येतं का, असं विचारलं. काही येतं, म्हणाली. सगळं येत नाही. किती येईल ते तपासल्याशिवाय कोणीच सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. शेवटी म्हणाली, डोळे पिवळे दिसत असतील तर वाट बघू नका. डोळ्यांचं मी बोलले नव्हते. ती यादीतलं एक एक सांगत असावी. एक बाई मुलाला घेऊन शाळेच्या फोटोसाठी आली होती, तिला मी उद्या यायला सांगितलं.

या पत्राबरोबर पाकिटात तेरा फोटो आहेत. छत्तीस ते अठ्ठेचाळीस. हात न लावलेले. मूळ मी कधी पुसत नाही, ही बाबांची शिस्त. घरातल्या दिव्याखाली बघू नकोस, सकाळी खिडकीशी घेऊन बस. तू विम्यासाठी लोकांच्या ठोकलेल्या गाड्या बघतोस. पोचा कालचा की दोन वर्षांपूर्वीचा, वरून रंग मारलाय का, हे तुला बोट फिरवून कळतं. मालक शपथा घेत असतो आणि तू म्हणतोस, "साहेब, पत्रा बोलतोय." तसे बघ. बाबांच्या मूळ निगेटिव्हवर मी पेन्सिल चालवली, त्यामुळे त्यांचा खरा चेहरा आता माझ्याकडेही नाही. तुझा आहे.

तू पिऊन कधी पडला नाहीस, हे मला माहीत आहे. कामावर कधी खाडा केला नाहीस, कोणावर हात उचलला नाहीस. लेकीच्या शाळेचा एकही कार्यक्रम चुकवला नाहीस, फक्त मागच्या रांगेत बसायचास. तू म्हणशील, मग काय गुन्हा केला? काही नाही. मी गुन्ह्याबद्दल लिहीत नाही. आणि हे पत्र फाडणार असशील, तर वाचून फाड. रागाने फोन करायचा असेल तर कर, मी हसणार नाही. वाढदिवसाला यायचं नसेल तर येऊ नकोस. मला ते चालेल.

हे सगळं मी तुला नंतर कधीतरी सांगितलं असतं, किंवा नसतंही. इतकी वर्षं गेली तशी आणखी गेली असती. पण गुरुवारी दुपारी वहिनी स्टुडिओत आली. एकटी. येणार असल्याचं कळवलं नव्हतं. अल्बममधून काढलेला तुझा मागच्या वर्षीचा फोटो तिने रुमालात गुंडाळून आणला होता. मोठा करून हवा, म्हणाली. मी विचारलं, केवढा? बारा बाय सोळा. मी विचारलं, कशाला गं? ती म्हणाली, "असू दे घरात एक." जिवंत माणसाचा फोटो मोठा करायला लोक येतात, बटण. लग्नाच्या वाढदिवसाला येतात, वडिलांच्या पंचाहत्तरीला येतात. ते खूप बोलतात, फ्रेम निवडतात, कधी मिळेल म्हणून चार वेळा विचारतात. हाराच्या फोटोसाठी येणारी दुसरी माणसं दुपारच्या सामसुमीत एकटी येतात आणि फ्रेमचं काही विचारत नाहीत. त्यांच्या ऑर्डरींची वही मी वेगळी ठेवत नाही, पण माझ्या अक्षरावरून मला त्या नोंदी ओळखू येतात, कारण त्या मी मान वर न करता सावकाश लिहिते. मी तिला म्हणाले, हवा तर दुसरा देते, याच्यात मी बराच हात मारलाय. ती म्हणाली, "माहीत आहे. यातच छान दिसतात." मग तारीख विचारली, तर म्हणाली, "घाई नाही." मी पावती फाडून दिली. तिने ती दोनदा घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, आणि आम्ही दोघींनी चहा घेतला. तुझं नाव निघालं नाही. ती गेल्यावर मी फोटो मशीनवर लावला आणि परत काढला. काम घेतलं आहे, केलेलं नाही. तिला यातलं काही विचारू नकोस, रागावू तर मुळीच नकोस. येत्या सोमवारी सकाळी तपासणीसाठी काही न खाता आवरून दारात उभा राहा, आणि तिला एवढंच म्हण, चल.

तुझीच,
ताई